दोन मिनिटांत आई खाली पोचली पाहिजे : घरी जमिनीखालचं टोर्नेडो शेल्टर बसवताना

वादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चक्रीवादळ येतं. ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, त्याच्या आधी दोन दिवस टीव्हीवर नकाशे सुरू होते. पत्रे बांधून घ्यायला, होड्या वर ओढायला, म्हाताऱ्या माणसांना दुसरीकडे हलवायला वेळ होता. टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा, असा वेळ देत नाही. सकाळी स्वच्छ ऊन असतं, दुपारी हवा चिकट होते, पश्चिमेला ढगांचा डोंगर उभा राहतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला घरातले सगळे फोन एकदम ओरडायला लागतात. तिथपासून पुढे दहा-बारा मिनिटं मिळाली तर पुष्कळ झाली.

मी ओक्लाहोमात राहते. इथे घर घेतल्यावर चौथ्या वर्षी आम्ही शेल्टर बसवलं, आणि त्यानंतर ओळखीच्या काही मराठी घरांना ते निवडताना, बसवताना मदत केली. ओक्लाहोमा, कॅन्सस, उत्तर टेक्सस, आर्कान्सा, अलाबामा अशा भागात नोकरीनिमित्त येऊन पहिलं घर घेतलेल्यांसाठी हे लिहिते आहे. माझी कसोटी साधी आहे. घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस इशारा झाल्यापासून दोन मिनिटांत आत पोचलं पाहिजे. पोलाद किती जाड, रंग कोणता, आत बाक किती, हे सगळं त्यानंतर.

घर भक्कम असताना शेल्टर कशाला?

नवीन आलेले बहुतेक जण हे विचारतात. इथल्या बऱ्याच घरांना तळघर नसतं. लाल चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे सरळ काँक्रीटच्या स्लॅबवर लाकडी सांगाडा उभा करतात. २०१३ च्या २० मे रोजी ओक्लाहोमातल्या मूर गावावरून ईएफ-५, म्हणजे तीव्रतेच्या मोजपट्टीवर सर्वांत वरच्या पायरीचा, टोर्नेडो गेला, २४ माणसं गेली. पुढच्याच वर्षी मूरने नव्या घरांसाठी बांधकामाचे नियम कडक केले. त्या नियमांप्रमाणे घराने ताशी १३५ मैलांचा वारा सोसला पाहिजे. चांगला नियम आहे, पण ईएफ-५ चा वारा ताशी २०० मैलांच्या वर असतो. शेल्टरसाठी जे मानक आहे, आयसीसी ५००, ते टोर्नेडोच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात ताशी २५० मैलांचा वारा धरून लिहिलेलं आहे. घर आणि शेल्टर यांच्यात एवढी तफावत आहे.

जीव घेतात त्या मुख्यतः वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वस्तू. म्हणून शेल्टरची चाचणी घेताना १५ पौंड वजनाचा, दोन बाय चार इंची लाकडी वासा तोफेसारख्या यंत्रातून ताशी १०० मैलांच्या वेगाने भिंतीवर आणि दारावर सोडतात. टेक्ससमधल्या लबक शहरात टेक्सस टेक विद्यापीठाची अशी प्रयोगशाळा आहे. १९७० च्या ११ मे रोजी लबकमध्येच मोठा टोर्नेडो झाला आणि त्यातून तिथे हा अभ्यास उभा राहिला. तो वासा साध्या विटांच्या भिंतीतून कसा आरपार जातो, त्याची चित्रफीत घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवा. ‘बाथरूममध्ये बसू की’ म्हणणारी मंडळी त्यानंतर तसं म्हणत नाहीत.

जागा ठरवा : गॅरेज, अंगण, की जमिनीवरच

गॅरेजमधलं शेल्टर म्हणजे स्लॅब कापून त्याखाली बसवलेली पोलादी पेटी. वर सरकतं झाकण, आत उतरायला अरुंद पायऱ्या, आणि एरवी त्यावर गाडी उभी. गारांचा मारा चालू असताना बाहेर पाऊल टाकावं लागत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. टोर्नेडोच्या आधी टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा पडणं इथे नवलाचं नाही, तेव्हा तो फायदा कमी समजू नका. अडचण दोन ठिकाणी येते. पायऱ्या फार उभ्या असतात. आणि गाडी थोडी जरी मागेपुढे लागली तरी तिच्याखालून आत शिरताना मोठ्या माणसाची त्रेधा उडते. झाकण पुढच्या बाजूला उघडणारं घ्या. गाडी कुठे थांबवायची त्याची खूण जमिनीवर रंगवून घ्या, आणि ती खूण वर्षभर पाळा.

अंगणातलं शेल्टर काँक्रीटचं, पोलादाचं किंवा फायबरग्लासचं असतं. दार तिरकं आणि पायऱ्या रुंद मिळतात, कठडाही लावता येतो. म्हाताऱ्या माणसांना हे सोपं पडतं. पण तिथवर धावत जावं लागतं, आणि रात्री दोन वाजता ओल्या गवतातून वीस पावलंसुद्धा लांब वाटतात. घराच्या दारापासून ते जितकं जवळ असेल तितकं बरं. मोठं झाड, विजेच्या तारा, गॅसची टाकी, सेप्टिक टँक यांच्यापासून मात्र लांब ठेवा.

तिसरा पर्याय जमिनीवरच्या पोलादी किंवा काँक्रीटच्या खोलीचा. ‘जमिनीखालचंच खरं’ असं इथे जुने लोक छातीठोकपणे सांगतात. मी तसं सांगणार नाही. आयसीसी ५०० प्रमाणे चाचणी झालेली आणि जमिनीला नीट जखडलेली (अँकर केलेली) वरची खोलीसुद्धा तेवढंच संरक्षण देते. घरात व्हीलचेअर असेल, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा जागा पूरक्षेत्रात असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि वरची खोली बघा.

आमच्याकडे गॅरेजमधलं आहे. बसवल्यानंतर महिनाभराने आई सहा महिन्यांसाठी आली. पहिल्याच रंगीत तालमीत ती कडेला येऊन उभी राहिली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, “अगं, ही शिडी आहे, जिना कुठाय?” मग पदर खोचला, पाठमोरी झाली आणि माळ्यावरून उतरतात तशी एकेक पाय चाचपत उतरली. तिची पकड झाकणाच्या धारदार कडेवर होती, कारण धरायला दुसरं काहीच नव्हतं. घड्याळात ३ मिनिटं ४० सेकंद झाली होती. आम्ही उत्पादकाला विचारून आतल्या बाजूला दोन हँडल बसवून घेतली, पायऱ्यांवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या आणि सर्वांत वरच्या पायरीला पिवळी कड रंगवली. पुढच्या वेळी सव्वा मिनिट लागलं. तुम्ही विकत घेण्याआधीच दुकानातल्या नमुन्यात आई-वडिलांना चढवून-उतरवून बघा. ते इथे नसतील तर व्हिडिओ कॉलवर पायऱ्या दाखवा. मनात शंका आली तर ती दाबू नका, घरातल्या माणसांची गुडघेदुखी विक्रेत्याला माहीत नसते.

माप काढताना दर माणशी किमान ३ चौरस फूट धरतात. म्हणजे सहा माणसांना १८ चौरस फूट. कागदावर हे बरोबर आहे, पण त्यात मांडीवरचं मूल, कुत्रा, वॉकर आणि शेजारचं कुटुंब बसत नाही. वादळाच्या दिवशी शेजारी येतातच, आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. मोजणीपेक्षा दोन माणसं जास्त धरा.

पाण्याचा विचार खड्ड्याच्या आधी

यावर मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त पस्तावा इथेच होतो.

जमिनीत पुरलेली रिकामी पेटी आणि पाण्यातली होडी यांच्यात भौतिकशास्त्र काही फरक करत नाही. भोवतालची माती पाण्याने भरली की पेटीने जेवढी जागा व्यापली आहे तेवढ्या पाण्याच्या वजनाने ती वर ढकलली जाते. ६ फूट रुंद, ८ फूट लांब, ६ फूट उंच अशी पेटी घ्या. तिचं घनफळ २८८ घनफूट. एक घनफूट पाणी ६२.४ पौंडांचं. पाणी वरपर्यंत चढलं तर वर ढकलणारं बळ जवळजवळ १८ हजार पौंड. त्याच मापाची, सहाही बाजूंनी चार इंच जाडीची काँक्रीटची पेटीसुद्धा १२ हजार पौंडांच्या आसपास भरते. पोलाद आणि फायबरग्लास त्याहून कितीतरी हलके. म्हणूनच पेटीभोवती काँक्रीट ओततात, तळाशी अँकर लावतात. विक्रेता ‘आमचं जड आहे, तरंगणार नाही’ म्हणाला, तर वजन आणि बाहेरची मापं विचारा आणि हा गुणाकार त्याच्यासमोर करा.

आता तुमच्या जागेचं बघा. फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की पुराचा नकाशा दिसतो. घर घेताना बँकेने तुमच्या पत्त्याचा फ्लड झोन तपासलेला असतोच, क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पक्की होतानाच्या, कागदांत तो सापडेल. पूरक्षेत्र असेल तर जमिनीखालचं शेल्टर नको. समुद्रकिनाऱ्याजवळ, जिथे हरिकेनबरोबर समुद्राचं पाणी आत शिरतं, तिथे तर मुळीच नको. नकाशात जागा सुरक्षित दिसली तरी मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी अंगणात फिरा. पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं ते पाहा आणि शेजाऱ्याला विचारा. शेल्टरचं तोंड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडं उंच आणि उतार त्याच्यापासून दूर जाणारा हवा.

२०१३ च्या ३१ मे रोजी एल रीनो भागात टोर्नेडो आला तेव्हा त्याच वादळाने ओक्लाहोमा सिटीच्या परिसरात प्रचंड पाऊसही पाडला. टोर्नेडोपासून बचाव व्हावा म्हणून मोरीत आणि नाल्यात आसरा घेतलेली माणसं त्या रात्री पुरात वाहून गेली. वारा आणि पाणी एकाच संध्याकाळी येतात, हे जागा निवडताना डोक्यात असू द्या.

कागदपत्रं, आणि पैसे परत मिळवायचे असतील तर त्यांचा क्रम

शहराच्या किंवा काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) कार्यालयात परमिट लागतं का ते विचारा. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर तिची लेखी परवानगी घ्या. अंगणातल्या शेल्टरच्या दर्शनी भागावर त्यांचे आक्षेप येऊ शकतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण दोन-तीन ईमेलांत होतं.

अनुदानाचं मात्र नीट वाचा. ओक्लाहोमात ‘सूनरसेफ’ नावाची योजना राबवली गेली, त्यात नोंदवलेल्या घरांतून सोडत काढून नावं निवडली जात. इतर राज्यांत आणि काही शहरांत वेगळ्या योजना असतात. आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाला फोन केला की चालू काय आहे ते कळतं. अशा योजनांत सहसा एक अट असते : मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी काम सुरू केलं तर पैसे मिळत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका घराने उत्साहात आधी खड्डा खोदला आणि मग अर्ज भरला. त्यांचं शेल्टर उत्तम झालं, अनुदान गेलं.

विक्रेत्यासमोर बसल्यावर

‘फेमा अप्रूव्ह्ड’ असं कुणी म्हणालं की सावध व्हा. फेमा कुठल्याही शेल्टरला, कंपनीला किंवा दाराला मान्यता देत नाही. ती फक्त मार्गदर्शक तत्त्वं आणि नकाशे प्रसिद्ध करते. आम्हालाही पहिल्या विक्रेत्याने हेच सांगितलं होतं आणि चाचणीचा अहवाल मागितल्यावर ‘तो मुख्य कार्यालयात असतो’ असं उत्तर मिळालं. आम्ही उठलो.

अहवाल मागायचा तो आयसीसी ५०० प्रमाणे झालेल्या चाचणीचा, आणि विशेषतः दाराचा किंवा झाकणाचा. चौकट, बिजागऱ्या, कड्या यांच्यासकट संपूर्ण दाराची चाचणी झालेली हवी. पोलादाची पेटी सहसा तग धरते, दगा देतं ते दार. नॅशनल स्टॉर्म शेल्टर असोसिएशनचा सदस्य-उत्पादक असेल तर त्याच्या शेल्टरवर तसा शिक्का असतो, तो बघा. शिवाय हे विचारा : झाकण आतून एका हाताने उघडता येतं का? त्यावर ढिगारा पडला तर आतून ते सरकवायला काय सोय आहे? गळती निघाली तर किती वर्षं आणि कोण दुरुस्त करणार? कापलेल्या स्लॅबला पुढे तडा गेला तर जबाबदारी कुणाची? ही उत्तरं तोंडी घेऊ नका, कराराच्या कागदावर लिहून घ्या.

खोदकामाचा दिवस

त्याच्या किमान तीन-चार कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करायचा. ही देशभर चालणारी मोफत सेवा आहे. गॅस, वीज, पाणी, दूरसंचार कंपन्यांची माणसं येऊन त्यांच्या पुरलेल्या लाइनवर रंग मारून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन आणि इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. कंत्राटदार करतो म्हणाला तरी त्या फोनचा नोंद क्रमांक (तिकीट नंबर) मागून घ्या. एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. मीटरच्या पुढची तुमची स्वतःची लाइन, म्हणजे स्प्रिंकलरचे पाइप, मागच्या शेडला नेलेली वीज, ग्रिलचा गॅस, या ८११ वाले दाखवत नाहीत. त्या तुम्हालाच शोधाव्या लागतात.

गॅरेजमध्ये काम असेल तर स्लॅब पोस्ट-टेन्शन आहे का ते आधी पक्कं करा. या स्लॅबमध्ये पोलादी केबल प्रचंड ताणून बसवलेल्या असतात. करवतीखाली एखादी तुटली तर माणूस जखमी होऊ शकतो आणि पायाही कमकुवत होतो. बऱ्याच घरांत गॅरेजच्या जमिनीवर किंवा भिंतीवर तसा शिक्का असतो, पण तो रंगाखाली गेलेला असू शकतो. घराचे नकाशे काढा, आणि शंका असेल तर रडारने स्लॅब तपासून केबल कुठे आहेत ते आखून घ्या. कंत्राटदार हे न करता करवत लावायला निघाला तर काम थांबवायचा हक्क तुमचा आहे.

गॅरेजचं काम बहुधा एका दिवसात होतं. स्लॅब कापतात, छोट्या यंत्राने माती काढतात, पेटी उतरवतात, पाणसळ लावून समपातळी बघतात आणि भोवती काँक्रीट ओततात. तेव्हा घरी राहा. पाच फूट किंवा त्याहून खोल खड्ड्यात आधाराशिवाय माणसाने उतरू नये, असा इथल्या कामगार सुरक्षेचा नियम आहे. एक घनयार्ड माती जवळपास छोट्या गाडीएवढी जड असते, आणि कड ढासळायला क्षण पुरतो. मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा. रात्री खड्डा उघडा राहणार असेल तर कुंपण लावल्याशिवाय कामगारांना जाऊ देऊ नका.

काम संपल्यावर शेवटचे पैसे देण्याआधी बागेचा पाइप घ्या आणि झाकणाच्या कडेने अर्धा तास पाणी सोडा. मग टॉर्च घेऊन आत उतरा, कोपऱ्यांवरून आणि वेल्डच्या सांध्यांवरून हात फिरवा. ओलावा डोळ्यांआधी बोटांना कळतो. आमच्याकडे मागच्या उजव्या कोपऱ्यात बोट ओलं झालं. कंत्राटदाराने त्याच दिवशी सील केलं, कारण चेक अजून माझ्याकडेच होता.

आत काय, दारापाशी काय

शेल्टरमध्ये कायम ठेवायचं : पाण्याच्या बाटल्या, टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, प्रत्येकाचं हेल्मेट (सायकलचं चालतं), जाड तळाचे बूट, एक पहार आणि एक छोटा हायड्रॉलिक जॅक. शेवटच्या दोन वस्तू दारावर ढिगारा पडला तर लागतात. बुटांना कमी लेखू नका. बाहेर आल्यावर सगळीकडे खिळे आणि काचा असतात, आणि आपण घरात अनवाणी असतो.

औषधं आत ठेवू नका, तिथे पडून ती खराब होऊ शकतात. त्यासाठी एक पिशवी घराच्या दारापाशी ठेवा : रोजच्या गोळ्या, चष्मा, पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, चार्जर. मेणबत्ती, स्टोव्ह, जनरेटर यांतलं काहीही आत न्यायचं नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जमतो आणि त्याला वास नसतो. हवेच्या झरोक्यावर कधीही काही ठेवू नका.

शेल्टर झालं की त्याची नोंद शहराच्या किंवा काउंटीच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात करा. गॅरेजमध्ये आहे की मागच्या अंगणात, तेही लिहा. घर जमीनदोस्त झालं तर बचाव पथक त्या यादीवरून शोध घेतं. भारतातल्या एका आणि इथल्या गावाबाहेरच्या एका नातेवाइकालाही जागा नेमकी सांगून ठेवा.

इशाऱ्यासाठी फोनवर अवलंबून राहू नका. बॅटरीवर चालणारा, नोआ या सरकारी हवामान संस्थेचे इशारे देणारा वेदर रेडिओ आणा आणि त्यात आपल्या काउंटीचा क्रमांक भरा. बाहेरचा भोंगा हा घराबाहेर असलेल्यांसाठी असतो. एसी चालू असताना झोपेत तो ऐकू येईलच असं नाही. ‘वॉच’ आला म्हणजे परिस्थिती तयार होते आहे : बूट घाला, गाडी खुणेवर आहे का बघा, आई-बाबांना त्यांच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणून बसवा. ‘वॉर्निंग’ आली की खाली. खिडकीत उभं राहून ढग बघायचा मोह इथे सगळ्यांना होतो, आणि दोन मिनिटं त्यातच जातात.

ओक्लाहोमा सिटी आणि आसपासच्या गावांत आभाळ साफ असेल तर शनिवारी दुपारी १२ ला भोंग्याची चाचणी होते. मार्च ते जून महिन्यातून एका शनिवारी आम्ही त्या भोंग्यावर तालीम करतो. भोंगा वाजला की घड्याळ सुरू, सगळे आत, झाकण बंद, कडी लागली की घड्याळ बंद. त्याच वेळी पाणी बदलतो, टॉर्चच्या बॅटरी बघतो, झाकणाच्या रुळांवरची माती पुसतो आणि कोपऱ्यांतली कोळ्यांची जाळी लांब झाडूने काढतो. आत हात घालण्याआधी उजेड टाका, इथल्या ब्राउन रेक्लूज या विषारी कोळ्याला अशा अंधाऱ्या कोरड्या जागा आवडतात. यंदा आई पुन्हा मार्चमध्ये येते आहे. आली की पहिल्या शनिवारी तिची वेळ पुन्हा मोजायची आहे, कारण आता तिचा दुसरा गुडघाही दुखतो.